पाहुण्यांना दिलेलं पाणी

मी एक जुनी बादली आहे. थांबा मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. फरशी पुसायची किंवा गोठ्यात आपटायची बादली मी नव्हे. मी सरकारी बादली होते. माझ्या पोटावर लाल रंगात क्रमांक घातलेला होता. आता त्यातला एकच आकडा उरलाय आणि तोही वाडीतल्या पोरांनी दगडाने खरवडत आणलाय. मला राग लवकर येतो, हा माझा जुना स्वभाव आहे. माझी हकिकत ऐकून तुम्हालाही थोडा राग येईल, आणि तो यावा अशीच माझी इच्छा आहे.

माझा जन्म भाईंदरला, पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. स्टीलची गोल चकती मशीनखाली गेली, वरून दणका बसला आणि मी बाहेर आले. माझ्याबरोबर माझ्या पुष्कळ बहिणी जन्मल्या. कुणी दूधवाल्याकडे गेली, कुणी लग्नात बुंदी वाढायला गेली. मलाही वाटायचं, आपल्या नशिबी काहीतरी गोडधोड असेल. पण एक कंत्राटदार आला, त्याने मला बोटाने टिचकी मारून पाहिलं आणि टेंपोत टाकलं. उतरले ती थेट कर्जत आणि खालापूर भागातल्या प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात. माझ्या कडीला पिवळी नायलॉनची दोरी बांधली गेली आणि माझी नोकरी सुरू झाली.

काम सोपं होतं. पुलावर जीप थांबवायची, मला दोरीने खाली सोडायचं, नदीचं पाणी भरून वर ओढायचं आणि ते बाटल्यांत ओतून तपासायला पाठवायचं. तपासणीसाठी घेतलेल्या अशा पाण्याला नमुना म्हणतात. त्याचे नियम फार कडक. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा, त्याच पाण्याने आधी मला खळबळून धुवायचं आणि ते धुवण फेकून द्यायचं, म्हणजे मागच्या ठिकाणचा अंश माझ्या अंगाला राहत नाही. हा नियम नीट लक्षात ठेवा. पुढे तो फार महाग पडला.

काय काय पाणी मी चाखलं म्हणून सांगू! पाताळगंगेचं पाणी वरच्या अंगाला कसं निवांत आणि गार असतं, आणि रसायनीकडे उतरता उतरता त्याला कसला कसला वास चिकटत जातो, हे मला तोंडपाठ झालं. नेरळला नव्या इमारतींच्या मागच्या नाल्यात मला सोडलं, तेव्हा मला स्वतःचीच शिसारी आली. माथेरानला गाडी जात नाही, म्हणून आमचा ड्रायव्हर मनोज मला हातात धरून तळ्यापर्यंत चालत गेला. तिथे एका घोडेवाल्याने घोड्याला पाणी पाजायला मला घटकाभर उसनी मागितली. मनोजने दिली नाही. "सरकारी हाय ती," तो म्हणाला. घोडा बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मी मात्र त्या दिवशी फुगून गेले होते.

मनोज कर्जतकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला. बोलका आणि खाण्यापिण्याचा शौकीन. आमच्या कार्यालयातले मोठे अधिकारी म्हणजे जगदीश साहेब. ते वाईट नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण वाईट माणसाची गोष्ट सांगणं सोपं असतं. ते थकलेले होते. दोन तालुक्यांतले एवढे कारखाने, एवढे नाले, आणि फिरायला एक जीप आणि मूठभर माणसं. त्यामुळे जे काम नियमात बसेल ते करायचं आणि बाकीच्याकडे बघायचंच नाही, अशी त्यांनी स्वतःला सवय लावून घेतली होती.

एकदा पर्यावरण दिनाला त्यांनी मला शाळेतल्या पोरांसमोर टेबलावर ठेवलं, झेंडूचा हार घातला आणि म्हणाले, "मुलांनो, माणसं खोटं बोलतात, कारखाने खोटं बोलतात. ही बादली खोटं बोलत नाही. हिच्यात जे आलं, ते खरं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो माझ्या आयुष्यातला एकमेव हार. आज ते वाक्य आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कारखान्यांचा पाहुणचार हाही सांगण्यासारखा विषय आहे. नमुना घ्यायचा तर कारखान्याला तशी सूचना जायची आणि त्यांचा माणूस हजर असायचा. मग आमची जीप वळायच्या आत गेट उघडलेलं. गुलाबाचे ताटवे, गरम समोसे, थंड सरबत आणि सांडपाण्याच्या तोंडाशी नितळ, बिनवासाचं पाणी. आदल्या आठवड्यात त्याच तोंडातून काय वाहत होतं, ते ओढ्याच्या काठचे काळे पडलेले दगड सांगायचे. पण दगडांची साक्ष कोण काढणार? मी भरायचे, वर यायचे आणि स्वच्छ ठरायचे. माझ्या खरेपणाचा असा उपयोग व्हायचा.

मग हर्षला मॅडम आल्या. नवीन नोकरी, अलिबागकडच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी दोरी बदलली, मला राखेने घासलं आणि उन्हात पालथी घातली. इतकी वर्षं मला कुणी वाळवलं नव्हतं. मला त्या फार आवडल्या. अजूनही आवडतात, आणि म्हणूनच पुढचं सांगताना मला त्रास होतो.

मार्च संपता संपता एक म्हातारी आमच्या कार्यालयात आली. तिचं नाव कोंडी. आवळेवाडी नावाची कातकऱ्यांची वाडी आहे, डोंगराच्या पायथ्याशी, एका ओढ्याच्या काठाला. त्याच ओढ्याला वरच्या अंगाने एका कारखान्याचं सांडपाणी येऊन मिळतं. कोंडीबरोबर तिची सून ललिता होती, गरोदर, भिंतीला टेकून उभी. कोंडीने पदराआडून थंड पेयाची जुनी बाटली काढली आणि हर्षला मॅडमच्या टेबलावर ठेवली. आत पाणी होतं, पिवळट, वर तेलकट तवंग.

"बाय, ह्ये बग. ह्ये पानी आमी पितो."

मॅडमनी झाकण काढलं आणि झटकन तोंड मागे घेतलं. "मावशी, हे पिता तुम्ही?"

"मंग काय पिऊ? टँकर येतो तो हप्त्यातनं येकदा. बाकीचं दिस डवराच की."

मित्रांनो, डवरा तुम्हाला ठाऊक नसेल. ओढ्याच्या काठाला वाळूत हाताने खड्डा करायचा. त्यात हळूहळू पाणी पाझरतं. ते वाटीने उपसून हंड्यात भरायचं. वाळू गाळ अडवते, म्हणून पाणी नितळ दिसतं. पण कारखान्यातून आलेलं रसायन वाळू अडवत नाही. ओढ्यात जे असतं ते डवऱ्यात येतंच.

"गेल्या उनाळ्यात हिचं पयलं पोर गेलं," कोंडी सुनेकडे हात करून म्हणाली. "जुलाब लागलं ते थांबलंच नाय. आता पुन्ना दिस गेल्यात. ह्या खेपंला तरी पोराला धड पानी मिळू दे. पंचायतीत नळ मागाया गेले, तर म्हनतात, डवऱ्याचं पानी वंगाळ हाय असा सरकारी कागद आन, मंग बगू."

ललिता माझ्याकडे बघत होती. मी कोपऱ्यात नुकतीच घासून ठेवलेली, चकचकीत. अशी बादली आपल्याकडे असावी, असं काहीतरी तिच्या मनात आलं असणार.

जगदीश साहेब आतून आले. त्यांनी बाटली पाहिली आणि मान हलवली. "आजी, असं बाटलीतलं पाणी आम्हाला चालत नाही. कुठून भरलं, कुणी भरलं, पुरावा काय? आमच्या माणसाने, आमच्या बादलीने घेतलं तरच तो नमुना."

"मंग बादली घिऊन या की, सायेब."

साहेब मॅडमना बाजूला म्हणाले, "डवरा कुठल्याच नियमात नाही. नदी आहे, ओढा आहे, विहीर आहे. वाळूतला खड्डा नाही."

"पण सर, लोक पितात ते त्यातलंच ना?"

साहेबांनी टेबलावरच्या बाटलीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी, त्यांच्या स्वभावाच्या मानाने, मोठीच गोष्ट केली. "बरं. मंगळवारी त्या कारखान्याचा नमुना आहेच. येताना वाडीवरचाही घेऊन टाका."

मॅडमचा चेहरा उजळला. त्या कोंडीला म्हणाल्या, "मावशी, मंगळवारी आम्ही तुमच्या वाडीवर येतो. बाटली राहू द्या इथे, मी बघते."

राहू द्या इथे, मी बघते. किती साधं, किती मायेचं बोलणं. कोंडीने दोन्ही हात जोडले आणि ती सुनेला घेऊन निघून गेली. संध्याकाळी आमचा शिपाई नागू टेबलं पुसायला आला. नियमात न बसणारी बाटली ठेवून काय करायची, म्हणून त्याने ती खिडकीतल्या क्रोटनच्या कुंडीत रिकामी केली. ते झाड पुढे जगलं नाही, पण झाडाने तक्रार कुठे करायची?

मंगळवार उजाडला. साहेबही बरोबर आले आणि आम्ही आधी कारखान्यात गेलो. गुलाब, समोसे, सरबत, नितळ पाणी. सगळं नेहमीसारखं झालं. मॅडमनी समोशाला हात लावला नाही. "इथलं असू दे," त्या मनोजला म्हणाल्या, "खरं काय ते वाडीवर कळेल." मीही मनाची तयारी केली होती. तेलकट, जळक्या वासाचं पाणी पोटात घ्यायचं आणि ते जसंच्या तसं बाटलीत द्यायचं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खरेपणाचा कुणाला तरी उपयोग होणार होता.

जीप वाडीच्या तोंडाशी थांबली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सगळी वाडी झाडलेली होती. अंगणं सारवलेली. बाया धुतलेली लुगडी नेसून उभ्या. ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवरचा काटा न काटा उचललेला. आणि डवरा! त्याच्या कडेने गोल गोटे एकाला एक लावलेले, तळाला नवी पांढरी वाळू पसरलेली आणि शेजारी तांदळाच्या पिठाची लहानशी रांगोळी.

"अरे वा," जगदीश साहेब हसून म्हणाले, "लग्न आहे काय इथे?"

मॅडमनी मला पुढे केलं. कोंडी स्वतः वाकली आणि पितळेच्या वाटीने पाणी उपसून, पदराने गाळून माझ्यात ओतू लागली. पहिली वाटी पडली आणि मी दचकले. हे ओढ्याचं पाणी नव्हतं. गार, हलकं, पानापाचोळ्याची किंचित तुरट चव असलेलं. वरच्या डोंगरातलं पाणी! माथेरानच्या बाजूच्या कड्यांतून झिरपणारं असं पाणी मी चाखलेलं होतं. माझी चूक होणं शक्य नाही.

मॅडमनी नियमाप्रमाणे मला खळबळून धुतलं आणि धुवण वाळूत फेकलं. बायांमधून एकदम हळहळ उमटली. ललिता पुढे झाली. "टाकू नको गं बाय," ती म्हणाली, "लई लांबून..." कोंडीने तिचा हात दाबला. मॅडमना वाटलं, डवरा हळू भरतो म्हणून यांचा पाण्यावर जीव आहे. "थोडंच घेते हं," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या आणि मला पुन्हा भरून घेतलं.

मग कोंडीने तांब्या भरून मनोजपुढे धरला. मनोजने तोंड वर करून घटाघट रिकामा केला आणि मिशी पुसली. "झकास! पानी गोड हाय रं बाबा. आमच्याकडल्या नळाला सुदा आसं येत नाय."

कोंडीचा चेहरा असा खुलला की काय सांगू. एवढ्या लोकांत ती उंच दिसायला लागली. साहेब मॅडमना हळूच म्हणाले, "मग तक्रार कशाची?" मॅडम माझ्यात वाकून बघत होत्या. त्यांना त्या दिवशीचा बाटलीतला वास आठवत असणार. त्यांच्या कपाळाला आठी पडली. एक प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता: मावशी, हे कुठलं पाणी? पण समोर डवरा होता, पाणी डवऱ्यातून आलेलं होतं, आणि बाया इतक्या आनंदात होत्या. त्यांनी बाटल्या भरल्या, लाखेने बंद केल्या, सही केली. मी दोरीच्या टोकाला मुकी. मला तोंड आहे मित्रांनो, चांगलं रुंद तोंड आहे, पण ते फक्त भरायला.

त्या दिवसाआधी वाडीत काय घडलं होतं, ते मला पुढे वाडीतच राहायला आल्यावर कळलं. आवळेवाडीत त्याआधी सरकारी गाडी एकदाच आली होती, गाव स्वच्छ आहे का ते पाहायला. तेव्हा अंगणात कचरा दिसला म्हणून साहेबलोक चारचौघांत बायांवर ओरडले होते. त्या ओरडण्याची लाज कुणी विसरलं नव्हतं. म्हणून कोंडीने मंगळवारचं सांगितलं, तेव्हा जनी नावाची तिची शेजारीण म्हणाली, "गाडी येनार म्हंजी समदं लखलखीत पायजे. न्हायतर पुन्ना नावं ठेवतील." आणि वंगाळ पाणी दाखवायचं कुणाला? ते तर कोंडी स्वतः नेऊन देऊन आली होती. बाई म्हणाली होती, मी बघते. मंगळवारी येणार होते ते पाहुणे.

डोंगरात वर एक झरा आहे. उन्हाळ्यात तो नुसता ठिबकतो. एक हंडा भरायला अर्धा दिवस जातो. ते पाणी वाडीने ठरवून ललितासाठी राखलं होतं. तिच्याशिवाय कुणी त्याला तोंड लावायचं नाही, लहान पोरांनीसुद्धा नाही, असा सगळ्यांनी मिळून केलेला नियम होता. मंगळवारसाठी बायांनी डवरा उपसून कोरडा केला, चांगलं पाणी मुरू नये म्हणून आतून चिकणमातीने लिंपला, वर नवी वाळू पसरली, आणि साठवलेलं ते पाणी डोक्यावरून आणून त्यात ओतलं. ललितानेच सांगितलं होतं, "मी दोन दिस डवऱ्याचं पिते. पावन्यांना चांगलं द्या."

आणि आम्ही त्यातलं पहिलं पाणी वाळूत फेकलं. नियम म्हणून.

मित्रांनो, त्या एका दिवशी मी दोन ठिकाणी पाहुणचार पाहिला. एक ठरवून केलेला, एक मनापासून केलेला. दोन्ही नमुने स्वच्छ आले.

अहवाल आला तो असा: आवळेवाडी येथील डवऱ्याचे पाणी पिण्यास योग्य. जगदीश साहेबांनी त्याची एक प्रत पंचायतीला पाठवली, कारण पाठवायची असते. आणि पंचायतीने, वाडीला पिण्यायोग्य पाणी असल्याचं सरकारनेच लिहून दिलं म्हटल्यावर, आवळेवाडीचा टँकर बंद केला. नळ राहिला बाजूला, होतं तेही गेलं.

कोंडी पुन्हा आली तेव्हा एप्रिल सरत आला होता. या वेळी ती एकटीच होती. ललिताला चालवत नव्हतं.

"बाय, टँकर कशापायी बंद केलास गं?" ती म्हणाली. रागाने नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून.

मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं. ती खाली फरशीवर बसली. मग मॅडमही तिच्याजवळ खाली बसल्या आणि त्यांनी तो प्रश्न आता विचारला. "मावशी, त्या मंगळवारी डवऱ्यात पाणी कुठलं होतं?"

"वरल्या झऱ्याचं."

"का गं मावशी? का दिलंत ते?"

कोंडी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "म्हंजी? तुमी घरी येनार व्हता. पावन्याला वंगाळ पानी देतात का? आन वंगाळ पानी मी तुला आदीच दिलं व्हतं की. बाटलीत. तूच म्हनलीस, राहू द्या हितं, मी बगते."

हर्षला मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. कुंडीत वाळलेली काडी उभी होती. तोंडावर ओढणी धरून त्या रडल्या, आणि कोंडीच त्यांची पाठ थोपटत राहिली. "रडू नको गं. तुजी काय चूक हाय? परत ये. ह्या खेपंला वंगाळच देते, गच्च भरून देते."

मला त्या क्षणी वाटलं, आता होईल. आता मला उचलतील, जीपमध्ये टाकतील, आणि मी ते खरं पाणी भरून आणीन. मॅडम तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं.

"सर, नमुना परत घ्यावा लागेल. त्या दिवशीचं पाणी डवऱ्याचं नव्हतंच."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून डोळे चोळले. "कागदावर काय लिहाल? तक्रारदारांनीच पाणी बदललं, असंच ना? तुमच्यासमोर बदललं आणि तुम्ही सही केलीत. उद्या कारखान्याचा वकील तो कागद हातात धरून काय करेल? त्या म्हातारीवर खोटी तक्रार केल्याचा गुन्हा दाखल करायला लावेल. कारखान्याविरुद्धच्या मागच्या सगळ्या तक्रारी त्या एका कागदावर धुऊन निघतील. घालायचंय तिला त्यात?"

"मग लोकांनी काय प्यायचं, सर?"

साहेबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. "अहवाल आलेला आहे. आणि आपलं म्हणणंच आहे ना, बादली खोटं बोलत नाही."

त्या शाळेतल्या टाळ्या मला ऐकू आल्या. मित्रांनो, मी खोटं बोलले नव्हते. मला जे दिलं ते मी दिलं. पण माझ्यात काय ओतलं जातंय, ते कुणी ओतलं, कशापायी ओतलं, हे विचारायचं काम बादलीचं नसतं. ते माणसांचं असतं. माणसांनी आपलं काम माझ्या गळ्यात घातलं आणि वरून मला हार घातला. त्या दिवसापासून मला त्या हाराची किळस येते.

मॅडमनी तरी अर्ज दिले. नवा नमुना पावसाळ्यानंतर घ्यावा असं वरून उत्तर आलं. पावसाळ्यानंतरही कितीतरी दिवस ओढा भरून वाहतो, त्यात कारखान्याचं पाप कुठल्या कुठे मिसळून जातं. आणि पावसाळा संपायच्या आत मॅडमची बदली झाली. जाताना त्यांनी मला शेवटचं घासलं. या वेळी राख लावलेला हात मध्येच थांबत होता.

पुढे आमच्याकडे नवं यंत्र आलं. ते स्वतःच पाणी ओढतं आणि स्वतःच बाटली भरतं. मला दोरीसकट जिन्याखाली फेकून दिलं. तिथे मोडक्या खुर्च्या आणि विझलेले दिवे यांच्यात मी धूळ खात पडले. मला वाटलं, संपलं.

एक दिवस मनोज आला. इकडे तिकडे बघून त्याने मला उचललं आणि जीपमध्ये सीटखाली लपवलं. आवळेवाडीत पोचेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि मनोजने न बोलणं ही साधी गोष्ट नव्हे. पाणी गोड हाय, असं त्या दिवशी सगळ्यांच्या देखत तोच म्हणाला होता. ते त्याला खात होतं. त्याने मला ललिताच्या दारात ठेवलं.

"वयनी, घ्या. जुनी हाय, पन गळत नाय."

ललिताने मला दोन्ही हातांनी उचललं, फिरवून पाहिलं आणि हसली. तिच्या काखेत तीन महिन्यांची मुलगी होती. "चांगली हाय की," ती म्हणाली. तिने मनोजला पाणी विचारलं. मनोज 'नको' म्हणाला आणि घाईने जीपकडे वळला. नको म्हणताना तो खाली बघत होता.

तेव्हापासून मी इथेच आहे. आता मला दोरी नाही, लाख नाही, कुणाची सही नाही. रोज सकाळी ललिता मला डवऱ्यावर नेते, वाटीवाटीने भरते आणि घरी आणते. तेच पाणी, तोच तवंग, तोच जळका वास. ज्या नमुन्यासाठी माझा जन्म होता, तो आता मी रोज घेते, अगदी बिनचूक. फक्त त्याची तपासणी प्रयोगशाळेत होत नाही. ती ललिताची मुलगी करते. तिच्या पोटऱ्यांवर बारीक चट्टे उठलेत, आणि कालपासून तिचं पोट बिघडलंय. कोंडी तिला मांडीवर घेऊन बसली आहे. झरा पुन्हा ठिबकण्यावर आलाय, आणि त्याचं तांब्याभर पाणी शिंकाळ्यात झाकून ठेवलेलं आहे. मला वाटलं होतं ते तिच्यासाठी आहे. पण मघाशी ललिताचा नवरा चांगो म्हणाला, उद्या नवे साहेब येणार आहेत, सरपंचाबरोबर, तेव्हा लागेल ते.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना घासा, पुसा, उन्हात वाळवा, असं मी सांगणार नाही. आमची काळजी नाही घेतली तरी चालेल. तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब व्हाल, कुणी मॅडम व्हाल, आणि कधीतरी अशा एखाद्या वाडीवर याल. तुमच्यापुढे चकचकीत तांब्या येईल. पाणी गार असेल, गोड असेल. तो तांब्या दोन्ही हातांनी परत द्या आणि म्हणा, "आजी, हे बाळाला राहू दे. तुम्ही रोज पिता ते मला द्या."

आणि मग ते पिऊन दाखवा.